अंगातला ‘करंट’ आणि थायरॉईड

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या ट्रस्टच्या सभागृहात घडलेला एक लहानसा प्रसंग उपस्थित भगिनींना आठवत असेल. खाली नायलॉनचा गालिचा अंथरला होता, खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या, आणि इंदूरच्या थंडीमुळे पुष्कळजणींनी पायमोजे काढले नव्हते. एका तरुण सुनेने शेजारच्या काकूंच्या कपाळाला कुंकू लावण्यासाठी बोट पुढे केले आणि ‘चट्’ असा आवाज झाला. दोघीही दचकल्या. पुन्हा बोट नेले, तिळगूळ देताना हात लागला, तेव्हाही तेच. आधी हसण्याची लाट उठली. पण इतक्यात कोणीशा वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, हिला थायरॉईड असणार! माझ्या नणंदेच्या जावेला असाच करंट यायचा.”

हसणे तेथेच थांबले. त्या सुनेला तीन महिन्यांचे बाळ होते. त्या दिवसापासून बाळाला उचलण्याची वेळ आली की ती सासूबाईंना म्हणू लागली, “आई, तुम्हीच घ्या ना त्याला.” घरच्यांना कारण कळावयास आठ दिवस लागले.

ही हकीकत आमच्या कानी आली, तेव्हा स्मरणिकेच्या निमित्ताने ह्या विषयाचा थोडा विचार करावा असे आम्ही ठरविले. आमची उमेदीची वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात गेली. वैद्यकी हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून लेखातील वैद्यकाचा भाग आम्ही आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांना वाचून दाखविला आहे, आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या केल्या आहेत.

ठिणगी कोठून येते?

दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांना चिकटून मग दूर झाले, की एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युत्‌भार साचतो. घासण्याने स्पर्श अधिक ठिकाणी होतो, म्हणून भारही अधिक साचतो. हीच घर्षणविद्युत्. राळेसारखा दिसणारा अंबर घासला की तो हलक्या वस्तू ओढतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. अंबराला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्यावरूनच ‘इलेक्ट्रिसिटी’ हे नाव आले. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट ह्या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात असा गुण असलेल्या पुष्कळ पदार्थांची नोंद केली. पुढे १७३० च्या सुमारास स्टीफन ग्रे ह्याने एका मुलाला रेशमी दोरांवर आडवा टांगला, त्याच्याजवळ घासलेली काचेची नळी धरली, आणि त्याचे हात व चेहरा हलके कण ओढून घेतात असे दाखविले. मनुष्याचे शरीर विजेचे वाहक आहे, हे त्यावरून लोकांना कळले.

आपल्या सभागृहातील सूनबाईंचे नेमके त्या मुलासारखेच झाले होते. पायमोजे नायलॉनच्या गालिच्यावर घासले गेले. पॉलिएस्टरची साडी प्लास्टिकच्या खुर्चीवर घासली आणि उठताना तिच्यापासून सुटी झाली. अंगावर भार साचला. तो जमिनीत उतरावा तर मध्ये गालिचा, आणि हवा कोरडी. बोट दुसऱ्याच्या कपाळाजवळ जाताच मधल्या हवेतून तो भार एकदम उडी मारून गेला. ठिणगी ती हीच.

ह्यातील आकडे ऐकून प्रथम भीती वाटेल. कोरड्या हवेत एक मिलिमीटरची ठिणगी पडावयास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. तितका दाब झाल्याशिवाय बहुतेकांना ठिणगी जाणवतही नाही. गालिच्यावर चालून अंगाचा दाब दहा हजार व्होल्टांवरही जाऊ शकतो. घरातील वीज तर २३० व्होल्टांची. मग माणूस वाचतो कसा? वाचतो, कारण साठा अगदी थोडा असतो. उंच टाकीत वाटीभर पाणी असावे तसा हा प्रकार आहे. वरून पडताना ते जोरात पडेल, पण क्षणात संपून जाईल. घरातील वीज म्हणजे कमी उंचीवरून येणारा, पण अखंड वाहणारा पाट. ठिणगीतील ऊर्जा काही सहस्रांश ज्यूल इतकीच असते आणि ती क्षणाच्या अत्यल्प भागात संपते. बोटाला टोचते, मनाला दचकविते, आणि संपते. आईच्या बोटातून बाळाला अशी ठिणगी लागली तर बाळ फार तर रडेल. त्याला इजा होत नाही.

इंदूरला अधिक का?

मुंबईकडचे वा गोव्याकडचे पाहुणे आपल्याकडे आले की म्हणतात, “आमच्याकडे असे होत नाही.” ते खरेच सांगतात. समुद्रकाठच्या दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि साचलेला भार त्यावरून हळूहळू निसटून जातो. माळव्याच्या पठारावर संक्रांतीपासून पुढे हवा कोरडी होत जाते. होळीनंतर दुपारी तर ओठ फुटतात आणि कागद वाजू लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की ठिणग्या वाढतात. थंडीत खोलीत हीटर लावला, तर हवा तापून सापेक्ष आर्द्रता आणखी घटते. ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथील आपल्या आप्तांचाही कोरड्या दिवसांतला अनुभव ह्याहून वेगळा नसावा.

“आमच्या लहानपणी असले काही नव्हते,” असेही वडील मंडळी म्हणतात. तेही खरे आहे. तेव्हा सुती लुगडे, सुती धोतर, सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी, आणि घरात सर्वांचे अनवाणी पाय. कापूस हवेतील ओल धरून ठेवतो. अनवाणी पायांतून भार जमिनीत उतरतो. आता पॉलिएस्टर, नायलॉन, रबरी स्लीपर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोटारीतील कृत्रिम कापडाची आसने घरोघर आली. शरीरे तीच आहेत, भोवतालच्या वस्तू पालटल्या.

थायरॉईडचे काम

आता त्या दुसऱ्या शब्दाकडे वळू. गळ्याच्या पुढील भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. मराठी शास्त्रीय ग्रंथांत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, व्यवहारात थायरॉईड. आहारातील आयोडीन घेऊन ती दोन संप्रेरके तयार करते. शरीराची भट्टी किती मंद वा किती प्रखर चालावी, हे त्यांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी. एस. एच. नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला हुकूम देते. थायरॉईडचे काम मंदावले की हा हुकूम बहुधा चढ्या आवाजात जातो, म्हणजे रक्तातील टी. एस. एच. वाढते. म्हणून ह्या एका रक्ततपासणीला इतके महत्त्व आहे.

ग्रंथी मंद झाली तर थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, त्वचा कोरडी होते, केस गळतात, मलावरोध होतो, आवाज घोगरा होतो, नाडी मंद चालते, आणि स्त्रियांना मासिक पाळीचा त्रास होतो. ग्रंथी अति वेगाने चालली तर छाती धडधडते, वजन घटते, घाम फार येतो, हात कापतात, उकाडा सोसवत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे विकार कितीतरी अधिक आढळतात.

ह्या विकारांवरील उपायांचा इतिहास उत्साह देणारा आहे. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे ह्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून मंद ग्रंथीची एक रोगी स्त्री सुधारली. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल ह्यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या घरातील आयोडीनयुक्त मीठ हे त्या कार्याचेच फळ होय. मात्र मीठ आयोडीनयुक्त आहे म्हणून ग्रंथी बिघडणारच नाही असे नाही. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून ह्या ग्रंथीवर उलटते, असा प्रकार पुष्कळ आढळतो. जपानचे डॉ. हाशिमोटो ह्यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला विकार तो हाच.

दोहोंचा संबंध आहे काय?

मुख्य प्रश्न हा. थायरॉईड बिघडल्याने शरीरात वीज तयार होते काय? नाही. वैद्यकात थायरॉईडच्या लक्षणांची जी यादी आहे, तीत ठिणगी पडणे हे लक्षण नाही. शरीरातील मज्जातंतूंत सूक्ष्म विद्युत् असते हे खरे, पण तिचा दाब एका व्होल्टाच्या दशांशाइतका. तिच्यातून बोटावर ठिणगी पडणे शक्य नाही. ठिणगीची वीज कपड्यांतून, गालिच्यातून आणि आसनातून येते.

मग ही समजूत आली कोठून? आमचा तर्क असा. ज्यांची ग्रंथी मंद आहे, त्यांची त्वचा कोरडी असते आणि त्यांना थंडी फार वाजते. थंडी वाजणारा मनुष्य लोकरीचा स्वेटर घालतो, शाल घेतो, कृत्रिम धाग्यांच्या ब्लँकेटात शिरतो आणि हीटरजवळ बसतो. घर्षणविद्युत् साचावयास ह्याहून अनुकूल स्थिती कोणती? म्हणजे रोगाने ठिणगी पाडली नाही, रोग्याच्या पांघरुणाने पाडली. शिवाय हे दोन्ही प्रकार घरोघर आढळतात. ज्या समाजात थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ स्त्रिया आहेत आणि हिवाळ्यात ठिणग्या सर्वांनाच लागतात, तेथे दोन्ही एकाच व्यक्तीत दिसणे स्वाभाविक आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, तशातला हा प्रकार.

एका शब्दात तीन गोष्टी

आमच्या मते खरा घोटाळा ‘करंट’ ह्या शब्दात आहे. ह्या एका शब्दाने आपण तीन अगदी भिन्न गोष्टी सांगतो.

पहिला करंट ठिणगीचा. तो एकदा टोचतो आणि संपतो. तीच वस्तू लगेच पुन्हा धरली तर काही होत नाही. कोरड्या दिवसांत वाढतो, पावसाळ्यात नाहीसा होतो.

दुसरा करंट घरातील उपकरणांतून झिरपणाऱ्या विजेचा. हात लावला आहे तोवर तो झिणझिणत राहतो. अनवाणी वा ओल्या पायांनी अधिक जाणवतो. एकाच वस्तूपाशी लागतो. हा प्राणघातक आहे. येथे आम्हांला आमचीच चूक सांगितली पाहिजे. मागल्या वैशाखात आमच्या घरातील कूलरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत. “कोरडी हवा आहे, घर्षणविद्युत् असेल,” असे आम्हीच, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी, चार दिवस म्हणत होतो! पाचव्या दिवशी वायरमनला बोलाविले. पाण्याच्या पंपाच्या वायरीचे आवरण गेले होते आणि अर्थिंगची तार सुटलेली होती. त्याच ओल्या फरशीवर आमचा चार वर्षांचा नातू रोज खेळत असे. ती आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज ह्यांचा एकत्र संसार. त्याच्या जवळ कोरड्या हवेचे कारण शोधू नये, ही गोष्ट आम्हांला तेव्हा सुचली नाही.

तिसरा करंट मज्जातंतूंचा. काही स्पर्श न करता हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, वीज गेल्यासारखी कळ निघते. येथे मात्र थायरॉईडचा खरा संबंध येऊ शकतो. ग्रंथी मंद झाली असता मनगटातील अरुंद मार्गात सूज येऊन तेथील मज्जातंतू दाबला जातो, आणि रात्री अंगठा व शेजारची बोटे झिणझिणतात. मधुमेहाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असे होते. आपल्या शाकाहारी कुटुंबांनी हे शेवटचे कारण विशेष ध्यानात ठेवावे. मान वाकविताच पाठीच्या कण्यातून वीज गेल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

ज्या काकूंच्या कपाळाजवळ ती ठिणगी पडली, त्यांची कथा येथे सांगणे प्राप्त आहे. त्यांच्या संमतीने सांगतो. हळदीकुंकवाच्या चर्चेनंतर सूनबाईंनी रक्त तपासून घेतले. टी. एस. एच. अगदी योग्य निघाले. काकू मात्र दोन वर्षांपासून घरी म्हणत होत्या, “रात्री बोटांतून करंट जातो गं.” त्यांना थंडी सोसत नव्हती, आवाज जड झाला होता, जिना चढताना दम लागत होता. घरची मंडळी म्हणत, “तो स्वेटर काढा, सुती घाला, करंट जाईल.” सूनबाईंबरोबर म्हणून त्यांनीही तपासणी केली. त्यांचे टी. एस. एच. फार वाढलेले निघाले. जिच्याकडे बोट दाखविले ती निरोगी होती. जिचे दुखणे खरे होते, तिची समजूत स्वेटरवर काढली गेली. एका शब्दाने केवढी उलटापालट केली पाहा! आज काकू नियमाने गोळी घेतात आणि पुष्कळ बऱ्या आहेत.

व्यवहारात काय करावे?

ठिणगीसाठी. उठल्यावर बोटाचे टोक पुढे न करता, हातात किल्ली घेऊन तिच्या टोकाने लोखंडी जाळीला वा नळाला स्पर्श करावा. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळतही नाही. बाळाला घेण्यापूर्वी असेच करावे, किंवा तळहात क्षणभर भिंतीला टेकवावा. घरात शक्य तेव्हा फरशीवर अनवाणी चालावे. कपड्यांत सुती अस्तर असावे. स्नानानंतर अंग थोडे ओलसर असतानाच खोबरेल वा तिळाचे तेल लावावे, म्हणजे त्वचेतील ओल टिकते. दुपारी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. मोटारीतून उतरताना दाराच्या लोखंडी भागाला आधीच हात लावून, तो न सोडता उठावे. पेट्रोलपंपावर स्वतः नळीला हात लावणार असाल, तर आधी दूरच्या धातूला स्पर्श करावा, कारण अशा ठिकाणी मात्र लहान ठिणगीही घातक ठरू शकते.

झिरपणाऱ्या विजेसाठी. उपकरणाचा प्लग हाताने काढण्याच्या फंदात न पडता मुख्य स्विच बंद करावा आणि वायरमन येऊन पाहीपर्यंत ते वापरू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे, ज्याला लोक ई. एल. सी. बी. म्हणतात, ते उपकरण घराच्या फळीवर बसवावे आणि त्याचे परीक्षणाचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कूलरमध्ये पाणी भरताना वीज बंद असलीच पाहिजे.

थायरॉईडसाठी. वर सांगितलेली लक्षणे असतील तर रक्त तपासावे. ठिणगी हे तपासणीचे कारण नव्हे, आणि ठिणग्या थांबल्या हे गोळी थांबविण्याचेही कारण नव्हे. गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या तासाने वा तासाने प्यावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्या. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. जरूर नसता अधिक मात्रा गेली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे झिजतात. गरोदर भगिनींनी आपल्या डॉक्टरांना ह्या तपासणीविषयी अवश्य विचारावे, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ ह्या संप्रेरकावर अवलंबून असते. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरही ही तपासणी होते.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी एक वही करावी. करंट लागला की तारीख, अंगावरील कापड, पायांत काय होते, कशाला हात लागला, आणि पुन्हा हात लावल्यावर लागला की नाही, इतके पंधरा दिवस लिहावे. तीनांपैकी तो कोणता, ह्याचे उत्तर बहुधा त्या वहीतच सापडेल, आणि डॉक्टर असो वा वायरमन, त्याला ती उपयोगी पडेल.

येत्या संक्रांतीला सभागृहात नायलॉनचा गालिचा न घालता सुती सतरंज्या अंथरण्याचे व्यवस्थापक मंडळाने मान्य केले आहे. सूनबाईंचे बाळ आता रांगू लागले आहे, आणि बहुतेक वेळ आईच्या कडेवरच असते. यापुढे कोणी “मला करंट लागतो” म्हटले, तर रोगाचे नाव घेण्यापूर्वी “कोणता करंट?” एवढे आपण विचारावे. तितके झाले म्हणजे ह्या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.